लाभार्थी क्रमांक एक

माणसाने एक वेळ बायकोशी खोटं बोलावं, साहेबाशी तर बोलावंच, पण सरकारी फॉर्मवर खरं लिहू नये. हे शहाणपण बिनचूकरावांना वयाच्या बावन्नाव्या वर्षी आलं, आणि तेही एकसष्ट प्रश्नांची उत्तरं देऊन झाल्यावर.

बिनचूकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आरोग्य खात्याच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक म्हणून त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती आणि त्या सव्वीस वर्षांत आपल्या हातून एकही चूक झालेली नाही, असं ते स्वतःच सांगत. सहकाऱ्यांनी ते इतक्या वेळा ऐकलं की शेवटी कंटाळून तेच नाव त्यांना देऊन टाकलं. मुळात ही टवाळी होती, पण बिनचूकरावांनी ती पदवी समजून स्वीकारली. घराच्या दारावरची पाटीसुद्धा बदलावी का, असं ते एकदा बायकोला म्हणाले होते. तेव्हा बायकोने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो विषय तिथेच संपला.

तर एका सोमवारी वरून परिपत्रक आलं. येत्या पाच वर्षांत व्यसनाधीनता तीस टक्क्यांनी आणि मानसिक आजार पंचवीस टक्क्यांनी कमी करायचे असून त्याचा आराखडा पंधरा दिवसांत सादर करावा. साहेबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि बिनचूकरावांना आत बोलावलं.

"कमी करायचं, ते ठीक आहे हो. पण सध्या आहे किती?"

"आकडा उपलब्ध नाही साहेब."

"म्हणजे नोंद शून्य?"

"नोंदच नाही."

"तेच ते! शून्याचे तीस टक्के किती?"

"शून्य."

"मग उद्दिष्ट पूर्ण झालं की!" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. इतक्या लवकर पूर्ण झालेली पंचवार्षिक योजना त्यांच्या नोकरीत दुसरी नव्हती. पण परिपत्रकाला सोबत परिशिष्ट होतं. आधी पाहणी करायची, प्रत्येक माणसाचा एकसष्ट प्रश्नांचा फॉर्म भरायचा, आणि आराखड्यासोबत एक फॉर्म नमुना म्हणून भरून पाठवायचा. साहेब पुन्हा पूर्ण बसले.

हे काम कुणी करायचं हे ठरायला वेळ लागला नाही. साहेबांनी काचेतून बाहेर नजर टाकली. पहिल्या टेबलावर एकाच्या गालात तंबाखूचा गोळा होता, त्यामुळे तो सकाळपासून मानेनेच उत्तरं देत होता. दुसरं टेबल रिकामं होतं, कारण त्याचा मालक खाली सिगारेट ओढायला गेला होता. तो दिवसातून बारा वेळा जायचा आणि दर वेळी "ही शेवटची" असं सांगून जायचा. तिसऱ्या टेबलावरचा माणूस डोकेदुखीची गोळी घेत होता. डोकं दुखत नव्हतं, दुखू नये म्हणून घेत होता.

"कार्यालयात निर्व्यसनी असे तुम्हीच," साहेब म्हणाले. बिनचूकरावांची छाती दोन बोटं पुढे आली. कामाचा धोंडा नेहमी अशा वेळीच गळ्यात पडतो.

आता नमुना फॉर्म कसा भरायचा, हे जगाला ठाऊक आहे. नाव अबक, गाव कखग, वय शंभर, आणि प्रत्येक प्रश्नापुढे 'नाही'. शेंबडं पोरसुद्धा हे करील. पण बिनचूकरावांचं म्हणणं असं की नमुना झाला तरी तो फॉर्म आहे, खाली सही आपली आहे, आणि खोट्या माहितीखाली आपली सही आजवर गेलेली नाही. म्हणून त्यांनी दार लावून घेतलं, शाईचं पेन काढलं आणि स्वतःचीच माहिती भरायला घेतली.

'एखाद्या पदार्थाची ठरावीक वेळी तलफ येते का?' हो. चहा. अकरा वाजून दहा मिनिटांनी. 'दिवसातून किती वेळा?' नऊ. 'सोडण्याचा प्रयत्न करून अपयश आलं का?' दोनदा, घरच्यांच्या आग्रहावरून. 'तो पदार्थ न मिळाल्यास चिडचिड होते का?' सहकाऱ्यांना विचारावे. 'एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासता का?' कुलूप तीनदा, आणि चौथ्यांदा केवळ खात्रीसाठी. 'स्वतःशी बोलता का?' हो, कारण इतर कोणी लक्ष देऊन ऐकत नाही. 'आपली योग्यता लोकांना कळत नाही असं वाटतं का?' हो, लेखी पुरावे जोडता येतील. 'घरातली माणसं समजून घेतात का?' कधीकधी.

असं धडाधड चाललं होतं. चौपन्नाव्या प्रश्नापाशी मात्र पेन थांबलं. 'गेल्या वर्षभरात, कशालाच काही अर्थ नाही असं वाटल्याचा दिवस आला होता का? असल्यास तारीख लिहा.' बिनचूकरावांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. मग त्यांनी 'हो' लिहिलं आणि तारखेचा रकाना तसाच सोडला. त्यांच्या हातून रकाना रिकामा सुटण्याची ती पहिलीच वेळ होती.

फॉर्म संगणकावर चढवताना त्यांनी तीनदा तपासला, आणि खात्रीसाठी चौथ्यांदा. नमुन्यासाठी संगणकात वेगळी जागा नव्हती. एकच जागा होती, तिथेच त्यांनी तो चढवला. पडद्यावर हिरवी चौकट आली. 'अभिनंदन! नोंदणी यशस्वी. गुण एकसष्टपैकी एकोणपन्नास. वर्ग : तीव्र. आपण लाभार्थी क्रमांक एक आहात.'

बिनचूकरावांनी आधी मागे वळून पाहिलं, कोणी दुसरं उभं आहे का म्हणून. मग मुख्यालयाला फोन लावला.

"यादीतून एक नाव काढायचंय."

"कोणाचं?" तिकडून एका बाईंचा आवाज आला.

"माझं."

"आपण कोण?"

"लाभार्थी क्रमांक एक."

तिकडचा आवाज एकदम लोण्यासारखा मऊ झाला. "बरं बरं. आत्ता बसलेले आहात ना? जवळ कोणी आहे का तुमच्या?"

"अहो बाई, मी वरिष्ठ लिपिक आहे!"

"हो हो. असालच की."

"तो नमुना होता! मी नमुना म्हणून भरला."

"खोटी माहिती भरली होती का?"

इथे बिनचूकराव अडकले. "माहिती शंभर टक्के खरी आहे," ते तुटक आवाजात म्हणाले.

"मग झालं तर. हे बघा, यादीतून नाव काढायला तीन कारणं आहेत. बरे झाले, गाव सोडलं, किंवा मृत्यू."

"यातलं लवकर काय होतं?"

"मृत्यू. चार दिवसांत नाव निघतं. फक्त मूळ दाखला लागतो, झेरॉक्स चालत नाही."

बिनचूकरावांनी फोन ठेवला आणि नऊपैकी चौथा चहा वेळेआधी मागवला.

साहेबांना मात्र आनंद मावेना. नोंदणी करणारं आपलं कार्यालय पहिलं म्हणून वरून शाबासकी आली होती. "राहू द्या हो नाव! कुणाला कळतंय?" ते म्हणाले. आणि मग जरा खाकरून पुढे म्हणाले, "फक्त एक आहे. मुख्य लिपिकाची जागा महिनाअखेर भरायची आहे. तुमचंच नाव पुढे होतं. पण यादीतल्या माणसाला बढती दिली तर लोक काय म्हणतील? तेवढं तेवीस-चोवीस तारखेपर्यंत बरे होऊन टाका."

त्या खुर्चीकडे बिनचूकराव अकरा वर्षं डोळे लावून बसले होते. खुर्चीला हात होते, पाठीला गादी होती आणि ती खिडकीपाशी होती. मान खाली घालून ते घरी आले, तर घरी पुढचा अंक सुरू झाला होता.

मुख्यालयाने लाभार्थ्याच्या घरी पत्र पाठवलं होतं. पत्र गोपनीय होतं. पाकिटावर ठळक लाल अक्षरांत छापलेलंच होतं : 'अत्यंत गोपनीय. व्यसनमुक्ती व मानसिक आजार विभाग. लाभार्थ्याच्याच हाती द्यावे.' घर बंद होतं, म्हणून ते पाकीट तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांकडे आलं. पोस्टमास्तर तत्त्वाचे पक्के. दुसऱ्याचं पत्र उघडणं म्हणजे त्यांना पाप. पण पाकिटाच्या बाहेर लिहिलेलं वाचणं हे तर त्यांचं आयुष्यभराचं काम होतं. ते पाकीट हातात धरून, लाभार्थ्याच्याच हाती देण्यासाठी, चारही मजल्यांवर बिनचूकरावांची चौकशी करत हिंडले.

संध्याकाळपर्यंत इमारतीत एकमत झालं. दारू नसणार, वास येत नाही. म्हणजे गोळ्या. चेहरा बघा कसा ताणलेला असतो. बिनचूकराव जिना चढू लागले की लोक भिंतीला चिकटून वाट देऊ लागले. वरच्या मजल्यावरच्यांनी सहा वर्षांपूर्वी नेलेली शिडी न मागता आणून दिली आणि "काही मनावर घेऊ नका" असं म्हणून ते पळाले. एकाने थंड पाण्याने अंघोळ करायला सांगितलं, दुसऱ्याने गरम. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांना पोहायला शिका म्हणून सांगितलं आणि लगेच, "नको, पाण्याजवळ नकोच," असं म्हणून सल्ला परत घेतला. अपमान एक वेळ सोसता येतो. ही माया कशी सोसायची, हे बिनचूकरावांना कळेना.

पोस्टमास्तर तर रोज येऊन बसू लागले. "बिनचूकराव, मोकळं व्हा," ते सांगायचे. "मनात कोंडून ठेवू नये. मला सांगा, मी कुणाला सांगणार नाही." हे वाक्य ते दार उघडं ठेवून, जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचे. सातच्या ठोक्याला मात्र कितीही रंगात आलेलं बोलणं टाकून ते घाईघाईने खाली जायचे.

बायकोने फॉर्मची प्रत मागून घेतली आणि शांतपणे पहिल्या पानापासून वाचली. "चहा?" ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला व्यसनसुद्धा लोकांना सांगता येईल असं नाही. अख्खी इमारत गोळ्या गोळ्या करतेय आणि तुमचा आपला चहा!" मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं. "घरातली माणसं समजून घेतात का? कधीकधी? कधीकधी म्हणजे कधी? तारखा द्या."

तारखांच्या बाबतीत बिनचूकराव आयुष्यात प्रथमच कच्चे निघाले. तो आठवडा त्यांनी स्वतःचा चहा स्वतः करून काढला.

आता बरं होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यासाठी समुपदेशक बाईंकडे सहा बैठका पूर्ण करून दाखला आणायचा होता. या बाई आठ महिन्यांपूर्वी कार्यालयात नेमल्या गेल्या होत्या. जिन्याखालची, जुन्या झाडू-बादल्यांची खोली त्यांना दिलेली होती. दारासमोर एक लांब बाक होता. आठ महिन्यांत त्या बाकावर एक मांजर सोडून कोणी बसलं नव्हतं, कारण बाक मुख्य दारासमोरच होता आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण बसणाऱ्याचं तोंड बघणार होता. महिनाअखेरपर्यंत यादीत माणसं दिसली नाहीत, तर खोली बंद होणार आणि बाईंची नेमणूकही जाणार होती.

"या काका!" बाई उठून उभ्याच राहिल्या. त्यांनी खुर्ची पुसली, पंखा लावला, पंखा लागला नाही म्हणून खिडकी उघडली. "तुम्ही माझे पहिले!"

"मी आजारी नाही. एवढंच लिहून द्या."

"देते की. सहा वेळा या, मग देते."

पहिल्या बैठकीत बिनचूकरावांनी बाईंच्या फॉर्ममधल्या रकान्यांचा क्रम चुकल्याचं सिद्ध केलं. दुसऱ्या बैठकीत तो क्रम सुधारून दिला. तिसऱ्या बैठकीत बाईंनी तो सुधारलेला कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "चौपन्नाव्या प्रश्नाची तारीख राहिलीय, काका."

बिनचूकराव खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "वार्षिक अहवाल मी लिहितो. दोनशे दहा पानं. पाच वर्षांपूर्वी मी एकशे सेहेचाळिसाव्या पानावर मधेच एक ओळ घातली. 'ही ओळ वाचणाऱ्याने कृपया वरिष्ठ लिपिकास कळवावे.' कोणी कळवलं नाही. दर वर्षी घालतो. सतरा सह्या होतात त्या अहवालावर. यंदाही तो छापून आला, ओळ जिथल्या तिथे होती. त्या दिवशी मी कुलूप एकदाही न तपासता घरी गेलो."

बाईंनी ओठ दाबून धरले, पण हसू आवरेना. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. "माफ करा काका," त्या म्हणाल्या. "पण सतरा सह्या!" आणि बिनचूकरावांनाही काय झालं कोण जाणे, तेही हसू लागले. खो खो हसले, खोकला येईपर्यंत हसले. सव्वीस वर्षांत कार्यालयात त्यांना हसताना कोणी ऐकलं नव्हतं. वर दोन टेबलांवरची माणसं काम टाकून जिन्यात आली. काम थोडंच होतं, पण टाकून आली.

त्या रात्री त्यांना झोप लागली. चौथ्या बैठकीला ते दहा मिनिटं आधीच येऊन बाकावर बसले.

आणि इथून भलतंच सुरू झालं. बिनचूकरावांसारखा माणूस उघड्यावर त्या बाकावर बसतो, हसत बाहेर येतो आणि त्याला काही होत नाही, हे लोकांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारी तंबाखूवाला येऊन बसला, मांडीवर फाईल घेऊन. "तुमच्याशी या फाईलबद्दल बोलायचं होतं," तो म्हणाला. फाईल कोरी होती. मग सिगारेटवाला आला. त्याचं म्हणे इथे वारं चांगलं लागतं. इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाई पत्ता विचारायला आल्या आणि दीड तास बाकावर बसून राहिल्या. एके दिवशी साहेब आले. "तपासणी," असं म्हणून ते आत गेले आणि दार लावून पाऊण तास तपासणी करत बसले. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. झोपेच्या गोळ्यांची एक पट्टी ते आत विसरून आले होते, आणि ती न्यायला परत गेले नाहीत.

पण नाव लिहायचं म्हटलं की सगळे उठून उभे राहायचे. "छे छे, माझं काही नाही, मी आपला बिनचूकरावांना भेटायला!" बाक गच्च भरलेला, बाईंना जेवायला वेळ नाही आणि यादीत नाव एकच, अशी गत झाली. बाईंनी कुणावर जबरदस्ती केली नाही. ती करायची नसते, असं त्या म्हणाल्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मुख्यालयातून संचालक आले. उंच, कडक इस्त्रीचे, हातात वही. त्याच सकाळी बिनचूकरावांची सहावी बैठक संपली होती आणि दाखला त्यांच्या हातात होता. सही, शिक्का, तारीख, सगळं जिथल्या तिथे. 'लाभार्थी क्रमांक एक पूर्ण बरे झाले आहेत.' ते दाखला घेऊन बाकापाशी उभे होते. बाकावर अकरा माणसं बसलेली होती, त्यात टोकाला छत्री घेतलेले पोस्टमास्तर.

"हे सगळे कोण?" संचालकांनी विचारलं.

"कामानिमित्त आलेत," साहेब घाईने म्हणाले. बाकावरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. "लाभार्थी एकच. आणि तोही बरा झाला सर! शंभर टक्के यश!"

"उत्तम," संचालकांनी वहीत लिहिलं. "म्हणजे शिल्लक शून्य. मग ही खोली आज संध्याकाळी मोकळी करून घ्या."

आत बाईंनी टेबलावरची पेनं गोळा करायला सुरुवात केली. बाकावरचे सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. बिनचूकरावांना ते सगळं दिसत होतं. हातातला दाखला दिसत होता आणि जिन्याच्या वर, काचेपलीकडची, खिडकीपाशी ठेवलेली, हातांची खुर्चीही दिसत होती. दाखल्यात शब्दाची चूक नव्हती, आकड्याची नव्हती. त्यांनी तो तीनदा तपासला आणि चौथ्यांदाही.

"सर," ते म्हणाले. आवाज चिरकला, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं, "सर, या दाखल्यात चूक आहे."

"कोणती?"

"मी बरा झालेलो नाही." त्यांचे कान तापले होते. "बरं वाटायला लागलंय, पण ते वेगळं. मला अजून यायचं आहे. माझं नाव राहू द्या."

त्यांनी दाखला बाईंच्या टेबलावर ठेवला. साहेब खुणेने त्यांना गप्प बसायला सांगत होते, खुर्चीकडे बोट दाखवत होते, पण बिनचूकरावांनी तिकडे पाहिलंच नाही.

मग पोस्टमास्तर उठले. छत्रीवर भार देऊन उठले आणि दारापर्यंत चालत आले. "बाई, माझं लिहा," ते म्हणाले. "रोज घेतो. सातला बसतो. ही गेल्यापासून, चार वर्षं झाली. दार लावून घेतो म्हणून कुणाला ठाऊक नाही." एरवी जिन्यापर्यंत जाणारा त्यांचा आवाज त्या दिवशी कसाबसा दारापर्यंत पोहोचला. बिनचूकरावांनी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"क्रमांक दोन," बाई म्हणाल्या आणि त्यांनी लिहून घेतलं.

त्यासरशी बाकावर एकच गलका उडाला. "दोन कसा? मी त्यांच्या आधी येऊन बसलोय!" तंबाखूवाला ओरडला. आधी त्याने गालातला गोळा थुंकला, मग ओरडला. "तुम्ही कालच्या रांगेत होता, आजच्या नव्हे!" सिगारेटवाला म्हणाला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी पर्स मधे घालून जागा अडवली आणि आपण पंधरा दिवसांपासून पत्ता विचारत असल्याचं सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं. ज्या यादीत नाव यायला इतके दिवस सगळे भीत होते, तिच्यात वरचा नंबर लागावा म्हणून ढकलाढकली सुरू झाली. साहेबांनी "शांतता! शांतता!" असं ओरडत गर्दीत वाट काढली आणि चौथ्या क्रमांकावर स्वतःचं नाव घालून घेतलं. तेव्हा पदाचा मान ठेवा म्हणून त्यांनी सांगितलंही, पण कोणी तो ठेवला नाही. भांडणानंतर त्यांना तेरावा क्रमांक मिळाला.

बिनचूकराव एकेकाला रांगेत बसवत होते, फॉर्म वाटत होते, रकाने समजावून सांगत होते. "खरं लिहा हो," ते प्रत्येकाला सांगत होते. "खोटं लिहायचं तर रकाना रिकामा सोडा, पण खोटं लिहू नका." बाई आत हसत होत्या, रडत होत्या आणि लिहीत होत्या.

अर्ध्या तासाने जरा शांत झालं, तेव्हा संचालक अजून तिथेच उभे होते. त्यांनी वही मिटली होती. एक उरलेला फॉर्म उचलून त्यांनी वाचायला घेतला होता आणि ते शेवटून दुसऱ्या पानावर बरंच रेंगाळले होते. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि बिनचूकरावांच्या जवळ येऊन अगदी हळू विचारलं :

"परगावच्या माणसाचं चालतं का हो?"

बिनचूकरावांनी त्यांच्या कडक इस्त्रीकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं. मग बाकावरच्या सगळ्यांना जरा सरकायला लावलं, हाताने जागा झटकली आणि खिशातलं शाईचं पेन काढून त्यांच्या हातात दिलं.

"चालतं की," ते म्हणाले. "बसा. तुमचा चौदावा."